मावशीवरची कुंभारीण

"आजपण हिंगाचा वास. परवाच्या आमटीचं पाणी आज चहात, नि आजच्या चहाचं उद्या आमटीत. ह्याला काय जगणं म्हणायचं?"

नेर्लेकर स्वतःशीच पुटपुटत होते. पण हेल्मेट घातलेला माणूस स्वतःशी बोलला, तरी ते दुसऱ्याच्या कानात तोंड घालून बोलल्यासारखंच असतं. ते खांबावर चढून तारा बघत होते, मी खाली फिल्टरची जाळी बदलत होते. मध्ये चांगलं पन्नास हात अंतर. तरी हेल्मेटमधल्या नळीने चहा ओढल्यावर त्यांनी केलेलं 'ह्यॅ' मला ऐकू आलं.

"भाऊ, रेडिओ चालू आहे," मी म्हटलं.

त्यांनी खांबावरून खाली वाकून बघितलं. मग, "तुम्हाला नाही म्हटलं, ताई. पाण्याला म्हटलं."

या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. तेव्हा आम्ही चौघं मावशीवर होतो. मावशी म्हणजे लांबच्या एका ग्रहाचा चंद्र. कागदावर त्याला नाव नव्हतं, नुसता आकडा होता. आपला चंद्र मामा, तर ही मावशी, असं तुळशीदास भोईटेने ठरवून टाकलं आणि पुढे कंपनीच्या पत्रांतही तेच यायला लागलं. तुळशीदास आमचा वायरमन, माझ्याच आष्टी तालुक्यातला, त्यामुळे मला आक्का म्हणायचा. पोंक्षे मॅडम तळाच्या प्रमुख, दगडमातीच्या जाणकार. नेर्लेकर इंजिनियर, कोल्हापूरचे, जिभेचे फार चोखंदळ. आणि मी, द्वारका म्हस्के, स्वयंपाकाला आणि पाण्याच्या मशीनला. शिक्षण सातवी. मशीन मी पुस्तकातली चित्रं बघून शिकले, आणि जिथे चित्र नव्हतं तिथे उघडून बघून शिकले. पाकिटातलं खाऊन माणसं सहा महिन्यांत एकमेकांच्या अंगावर धावून जातात असं कंपनीला कळून चुकलं होतं, म्हणून प्रत्येक तळावर एक रांधणारी बाई नाहीतर बुवा पाठवत. हिंगाची डबी मी माझ्या औषधांत लपवून नेली होती.

तळावरचं सगळं पाणी मशीनमध्ये जायचं आणि साफ होऊन परत नळाला यायचं. बाहेर थेंबही टाकायचा नाही, हा पहिला नियम. तो दारावर लाल अक्षरांत लिहिलेला होता. मशीन सगळं काढायचं, फक्त हिंगापुढे त्याने हात टेकले होते. आणि खरं सांगायचं तर हिंग हे निमित्त. घामाचं, आंघोळीचं, त्याहून नको तिथलं पाणी साफ होऊन यायचं ते आम्ही निमूट पीत होतो. पण खरकटं? चार ताटांचं धुवण? ते घशाखाली उतरेना. ज्याला हे कळतं त्याला सांगावं लागत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नाही.

त्या दिवशी जेवताना नेर्लेकरांनी पाण्याचा पेला नुसता गोल फिरवला आणि खाली ठेवला.

"मागच्या दारानं टाकलं तर?" तुळशीदास म्हणाला. "भांड्यांचं तेवढं. रोजची एक बादली. एवढ्या मोठ्या मावशीला काय व्हतंय?"

"रोज डोंगराएवढा बर्फ उपसतोय आपण," नेर्लेकर म्हणाले. "पाण्याला काय तोटा आहे?"

मी पोंक्षे मॅडमकडे बघितलं. नियम त्यांच्या सहीचा होता. त्यांनी आपलं ताट उचलून माझ्या हातात दिलं.

"मला यातलं काही माहीत नाही," त्या म्हणाल्या. मग दारात थांबून, "द्वारकाबाई, माझा पेलाही त्यातच धुवा."

झालं. दुसऱ्या दिवसापासून एक दिवस मी आणि एक दिवस तुळशीदास, सूट चढवून मागच्या दाराने बाहेर जायचो आणि बादली ओतून यायचो. मावशीवर पाणी पडलं की आधी उकळायचं, मग गोठायचं, आणि मधल्या मिनिटभरात तिथे छान मऊ चिखल व्हायचा. महिन्याभरात त्या करड्या रानात हातरुमालाएवढा पिवळा डाग पडला. माझ्या हळदीचा. तुळशीदासला त्याचं कोण कौतुक. म्हणायचा, "आक्का, मावशीला हळद लागली."

मग चिखल कमी व्हायला लागला. डावाने घेतल्यासारखे गोल खळगे दिसायचे.

"कोन नेत असंल गं?"

"नेत असेल कुणी घर बांधायला," मी चेष्टेत म्हटलं.

चौथ्या महिन्यात तुळशीदास बादली घेऊन गेला तो परत आला नाही. बादली डागावर आडवी पडलेली होती. त्याच्या बुटांचे ठसे डागापर्यंत होते, पुढे टणक खडक होता, त्यावर माग उमटत नसे. सुटात आठ तासांची हवा असते. आम्ही आठ तास हाका मारल्या, त्याच्या रेडिओवर खरखरसुद्धा नव्हती. मग पुढचे दोन दिवस आसपासच्या भेगांत शोधलं. पोंक्षे मॅडमनी नोंद केली: भेगेत पडला असावा.

त्या दिवसापासून कुणी काही ठरवलं नाही, पण खरकटं पाणी मी परत मशीनमध्ये घालायला लागले. चहाला हिंगाचा वास आला. नेर्लेकरांनी चहा पिऊन टाकला, पेला धुऊन ठेवला.

असे नऊ दिवस गेले. तिथली दुपार आपल्या चार दिवसांएवढी लांब. अशाच एका दुपारी मी पिठलं ढवळत होते. पोंक्षे मॅडम गाडी घेऊन खाणीवर गेल्या होत्या, तीन तासांच्या वाटेवर. स्वयंपाकघराला तळहाताएवढी काच होती. तिच्यातून मला नेर्लेकर दिसत होते, डागापाशी उभे, मान खाली. ते रोज तिथे जायचे. रेडिओवर त्यांचं पुटपुटणं यायचं, मी ऐकल्याचं न दाखवता ऐकायची.

"तुळशा, लेका," ते म्हणत होते, "बादली तरी मी उचलायची होती रे."

तेव्हा ते आलं.

टेकाडाच्या उतारावरून आलं. बैलगाडीएवढं धड, मध्ये मनगटाएवढी कंबर, बांबूसारखे सहा पाय, आणि डोळे कुठेच नाहीत. तोंडाच्या जागी दोन विळे. पुढे दोन लांब मिशा होत्या, त्या आंधळ्याच्या काठीसारख्या जमिनीवर फिरत होत्या. आधी डाग चाचपला. कोरडा होता. मग मिशा बाजूला वळल्या आणि नेर्लेकरांच्या पोटरीला लागल्या. त्यांना ओरडायलाही सवड मिळाली नाही. मागचं टोक पुढे वाकलं, मानेच्या खाली एकदाच टोचलं, आणि नेर्लेकर घडी घातल्यासारखे खाली बसले.

घाई नव्हती. राग नव्हता. मला सगळ्यात भीती त्याचीच वाटली. कुत्रं अंगावर आलं तर निदान त्याला आपण दिसत असतो. ह्याच्या लेखी तिथे माणूस नव्हताच. त्याने त्यांना मानेशी धरलं आणि ओढत टेकाडापलीकडे नेलं, पोतं नेल्यासारखं.

मी रेडिओवर मॅडमना हाक मारली. "नेर्लेकर भाऊंना जनावराने नेलं."

"कसलं जनावर? इथे जनावर कुठलं?"

"तुळशीदासला नेलं तेच असणार."

मग त्यांचा प्रमुखाचा आवाज आला. "दार लावून घ्या. मी निघते. तीन तास लागतील."

"मॅडम, त्यांचा श्वास ऐकू येतोय."

आम्ही दोघींनी ऐकलं. श्वास होता. संथ, वामकुक्षी घेणाऱ्या माणसासारखा. ते बाहेर पडून तीन तास झाले होते. म्हणजे पाच तासांची हवा.

"तुम्ही आतच राहायचं, द्वारकाबाई. हा हुकूम आहे."

"पिठलं खाली उतरवते," मी म्हटलं, आणि उतरवलं. मग सूट चढवला. बर्फाच्या लाद्या ओढायचा आमचा लोखंडी आकडा होता, दोन पुरुष लांब. तो घेतला आणि ते गेलं त्या टेकाडाकडे निघाले.

टेकाडामागे कड्याच्या अंगाला मातीची घरं होती. उपड्या रांजणांसारखी, एकाला एक चिकटलेली. तीन जुनी, फुटकी. चौथं ताजं, तोंड लिंपून बंद केलेलं. पाचव्याचं तोंड जमिनीलगत उघडं होतं आणि त्या तोंडाशी नेर्लेकर उताणे पडले होते. जुनी घरं करडी होती. चौथ्या आणि पाचव्या घराच्या भिंतींवर मात्र पिवळे पट्टे होते, थरावर थर. माझी हळद मी कुठेही ओळखेन. त्या बंद घराकडे मी एकदाच बघितलं.

जनावर नेर्लेकरांना तोंडाशी ठेवून रिकामं आत शिरलं. आत खरवडल्याचं पायांखाली जाणवत होतं. मी दगडाआड बसून मोजायला लागले. सत्तावीसला ते उलटं फिरून बाहेर आलं, मिशांनी त्यांना चाचपलं, मानेशी धरायला वाकलं. आणि मला एकदम आत्याची भांडी घासायची जागा आठवली. तिथल्या चिखलातून कुंभारणी माती न्यायच्या.

लहानपणी आमच्याकडे कीर्तनात सांगायचे, कुंभारीण माशी अळीला मातीच्या घरात कोंडते, अळी आत तिचंच ध्यान करत राहते आणि एक दिवस कुंभारीण होऊन बाहेर पडते. गुरू असा असावा. मी अकरा वर्षांची होते. ध्यान कसं दिसतं ते बघावं म्हणून एक घर फोडलं. ध्यान वगैरे काही चाललेलं नव्हतं. अळी जिवंत होती, हलता येत नव्हतं, आणि कुंभारणीचं पोर तिला सावकाश खात होतं. हे मी बुवांना भर कीर्तनात सांगितलं, तेव्हा आत्याने पाठीत धपाटा घातला.

पण त्यानंतर मला नादच लागला. कुंभारणीचीच एक बारीक कमरेची जात जमिनीत बीळ करते. ती नाकतोडा ओढत आणते, बिळाच्या तोंडाशी ठेवते, आत जाऊन घर ठीक आहे ना बघते, मग बाहेर येऊन त्याला आत घेते. ती आत गेली की मी खराट्याच्या हिराने नाकतोडा बोटभर मागे सरकवायची. बाहेर आली की तिला तो जागेवर सापडायचा नाही. शोधून परत तोंडाशी आणायची, आणि पुन्हा घर बघायला आत! आत्ताच बघून आलेली असायची, तरी. कारण नाकतोडा तोंडाशी आणला की आत जायचं, एवढंच तिला ठाऊक. मी तीस-चाळीस वेळा तरी केलं असेल. शेवटी काय झालं ते मला माहीत नाही. आत्याने हाक मारली, भाकरी करपत होती.

हे सगळं आठवायला वेळ लागला नाही, पण तेवढ्यात त्याचे विळे नेर्लेकरांच्या मानेभोवती बसले होते. मी आकडा लांबवला, त्यांच्या पाठीवरच्या पट्ट्यात अडकवला आणि जीव खाऊन ओढलं. मावशीवर माणसाचं वजन सातव्या हिश्शाएवढंच. ते हातभर सरकले. विळे हवेत मिटले.

ते थांबलं. मिशा फिरल्या. मी दगड झाले. मिशांना नेर्लेकर सापडले, त्याने त्यांना ओढून परत तोंडाशी आणलं, नीट ठेवलं. आणि वळून आत गेलं.

"आत्या," मी मोठ्याने म्हटलं, "धपाटा फुकट गेला नाही बघ."

"काय झालं? कोण आत्या?" रेडिओवर पोंक्षे मॅडम.

"काही नाही मॅडम. तुम्ही या. निघाला असाल तर मागे फिरा, टाकीत खाणीतला वितळलेल्या बर्फाचा गरम गाळ भरून आणा."

"तुम्ही बाहेर आहात? द्वारकाबाई, त्यांना उचला आणि पळा!"

"पळाले तर ते सत्तावीस मोजायच्या आत बाहेर येतं, नि त्याचे पाय सहा आहेत. फार लांब नेलं तर ते नवं सावज शोधायला निघेल. हातभरच न्यायचं. हातभर म्हणजे त्याचं हरवलेलं सापडतं आणि काम पहिल्यापासून सुरू होतं."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"बघितलंय." मी ओढलं. हातभर.

ते बाहेर आलं, शोधलं, आणलं, ठेवलं, आत गेलं. मी ओढलं. बाहेर, शोध, ठेव, आत. ओढ. एका फेरीला दोन मिनिटं. तीन तासांच्या नव्वद फेऱ्या. एवढं गणित सातवीतही होतं.

पंधराव्या फेरीला मी जरा पुढे सरकले आणि हेल्मेटच्या काचेतून नेर्लेकरांचे डोळे दिसले. उघडे. माझ्याकडे बघत होते. मानेखाली सुटाला नांगीचं भोक होतं, ते तिच्याच चिकाने बुजून गेलं होतं. मग मी बोलायला लागले. त्यांना उत्तर देता येत नव्हतं, पण माझा आवाज त्यांच्या कानातच होता.

"भाऊ, घाबरायचं नाही. ह्याला अक्कल नाही. सुरेख काम येतं, पण एकच येतं. पिठलं केलंय. तुम्ही येईपर्यंत दगड होणार त्याचा, पण खायचं मुकाट्याने. आणि वहिनींना मी सांगणार आहे, तुम्ही झोपेत घोरता ते. चार महिने ऐकतेय." ओढ. "तुमच्या कोल्हापूरला रस्सा म्हणतात त्याला मी तर्रीचं पाणी म्हणते, हे कधी बोलले नव्हते. आज बोलून घेते, तुम्हाला उलट बोलता येत नाही तोवर." ओढ.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसण्याचं होतं की कशाचं, मला कळलं नाही.

मी सगळं बोलले त्यांच्याशी. आत्याचं, नवऱ्याचं, खानावळीचं. त्यांच्या डोक्यापलीकडे ती पिवळी भिंत होती, त्यांनाही दिसत असणार, डोळे तिकडे वळायचे. तेवढं एक सोडून सगळं बोलले.

"द्वारकाबाई," मॅडमचा आवाज हलत होता, गाडी खडकांवरून येत होती. "ते तुमच्याशी खेळतंय. मुद्दाम वेळ काढतंय. बुद्धी असणार त्याला, तुम्हाला जवळ येऊ देतंय..."

"त्याला खेळता येत नाही, मॅडम. खेळता आलं असतं तर मी केव्हाच मेले असते."

बेचाळिसाव्या फेरीला आकडा पट्ट्यात गुंतला. सुटेचना. पंचवीस, सव्वीस. मी आकडा धरून तशीच उभी राहिले, कारण सोडला असता तर तो आदळून जमीन हादरली असती. ते बाहेर आलं. एक मिशी नेर्लेकरांवर गेली. दुसरी आकड्यावरून सरपटत वर आली, माझ्या हातावर, खांद्यावर, हेल्मेटच्या काचेवर. तिला बारीक केस होते आणि प्रत्येक केस वेगळा हलत होता. विळे माझ्या पोटापासून वीतभर. मी श्वास धरला. कानात फक्त नेर्लेकरांचा श्वास होता. तो जोरात चालला होता. आता माझ्यासाठी ते घाबरले होते.

मिशी काचेवरून उतरली. त्याच्या कामात त्या पायरीला माझी जागाच नव्हती. हरवलेलं शोधायचं, आणायचं, ठेवायचं. त्याने नेर्लेकरांना ओढलं, त्याबरोबर आकडा आपसूक सुटला, आणि ते आत गेलं. मी ओढलं. हातभर.

साठीनंतर हात माझे राहिले नाहीत. खांद्यापासून पुढे कुणा दुसऱ्याचे होते. आणि एक भीती होती ती मी कुणाला सांगितली नाही: आत्याच्या अंगणात शेवट मी पाहिलाच नव्हता. एखाद्या फेरीला ते आत न बघताच त्यांना सरळ घेऊन गेलं तर?

"अजून किती वेळ कराल तुम्ही हे?" मॅडमनी विचारलं. आता त्या हुकूम देत नव्हत्या.

"तीस वर्षं भाकऱ्या केल्यात मी, मॅडम. रोज त्याच. ह्याला दुसरं काही येत नाही म्हणून हे करतंय. मला दुसरं येत असून मी केलंय. बघू कोण आधी थकतं."

नव्वद झाल्या. शंभर झाल्या. एकशे सहाव्या फेरीला पायांखालची जमीन थरथरली आणि टेकाडावर गाडी दिसली. तोवर नेर्लेकरांची तासाभराची हवा उरली होती.

"ते आत गेलं की मी 'या' म्हणेन," मी म्हटलं. "सत्तावीस मोजायच्या आत गाळाची नळी तोंडाला लावायची. एकदाच जमेल."

"मला जमेल ना?" पोंक्षे मॅडम मला विचारत होत्या.

"पोळपाट पुसल्यासारखं करायचं. विचार करत बसायचं नाही."

ते बाहेर आलं. शोधलं. आणलं. ठेवलं. आत गेलं.

"या!"

मी नेर्लेकरांना ओढलं, ह्यावेळी हातभर नाही, जेवढं अंगात होतं तेवढं. गाडी माझ्या अंगावरूनच गेल्यासारखी गेली. मॅडमनी नळी तोंडात खुपसली आणि गाळ सोडला. तो उकळला, फेसाळला, आणि मी एकोणीस म्हणेपर्यंत दगड झाला. आतून एक धक्का बसला. मग दुसरा. मग नाही.

एक मिशी तेवढी बाहेर राहिली होती. ती जमिनीवर फिरत होती, नेर्लेकर जिथे असायला हवे होते बरोबर तिथे. आम्ही त्यांना गाडीत घातलं, पट्टे बांधले, गाडी वळवली, तरी फिरतच होती.

दुसऱ्या दिवशी पोंक्षे मॅडमनी स्वतः हातोडा घेऊन चौथं घर उघडलं. तुळशीदासला आम्ही बरोबर आणलं. त्याच्याबद्दल एवढंच. भिंतीचा एक तुकडा मॅडमच्या बुटाशी पडला होता, पिवळाधमक. त्यांनी तो बघितला. मी बघितला. त्यांनी बुटाने त्याचा भुगा केला आणि आम्ही गाडीत जाऊन बसलो. अहवालात लिहिलं होतं: करड्या मातीची घरं.

त्या एकशे सात फेऱ्यांचा मला अभिमान आहे, उगाच लपवत नाही. वर्तमानपत्रात 'शूर स्वयंपाकीण' म्हणून फोटो आला तो मी लॅमिनेट करून घेतला, आत्याच्या फोटोशेजारी लावलाय. पण त्याहून मोठा अभिमान मला ज्या गोष्टीचा वाटतो ती मावशीवर नाही, पुण्यात झाली, अकरा महिन्यांनी.

चौकशी होती. लांब टेबल, पंखा, तीन साहेब. कोपऱ्यातल्या खुर्चीवर माझ्यासाठी आणलेली शाल आणि नारळ. चौकशी संपली की सत्कार उरकणार होते. पोंक्षे मॅडम कडक इस्त्रीच्या साडीत, ताठ. नेर्लेकर चाकाच्या खुर्चीत. उजवी बाजू अजून उठली नव्हती आणि तोंडातून अकरा महिन्यांत मोजके शब्द फुटले होते. समोर तुळशीदासची बायको नर्मदाबाई, मांडीवर त्याची वायरींची पिशवी घेऊन.

मधल्या साहेबांनी विचारलं, "हा प्राणी तळाकडे का आला असावा?"

"निश्चित कारण सांगता येत नाही," पोंक्षे मॅडम म्हणाल्या.

"द्वारकाबाई, तुमचं निरीक्षण चांगलं आहे. तुम्हाला काय वाटतं?"

मी उभी राहिले. "त्याला त्याचं काम तेवढं कळायचं, साहेब," मी म्हटलं. हे खरं होतं. आणि पुरं नव्हतं. मी खाली बसले. एकशे सात वेळा उठलेला हात माझा, पण त्या दिवशी तोंड उघडेना.

साहेब कागद आवरायला लागले, तेव्हा नर्मदाबाई बोलल्या. "मला येवढंच सांगा. एवढ्या मोठ्या जागेत ते आमच्याच मानसापाशी कसं आलं? त्यांचं काही चुकलं का? गावात म्हनत्यात, नको तिथं गेला आसंल."

पंखा फिरत होता. शिपायाने प्रत्येकापुढे पाण्याचा पेला ठेवला होता. नेर्लेकरांनी डाव्या हाताने तो उचलला. मला वाटलं पितील. त्यांनी तो नाकाजवळ नेला, नुसता हुंगला, आणि खाली ठेवताना थोडं पाणी टेबलावर सांडलं. ते त्या पाण्याकडे बघत राहिले. जबडा हलायला लागला.

"भाऊ, राहू द्या," पोंक्षे मॅडम हळूच म्हणाल्या.

नेर्लेकरांनी मान हलवली. एकेक शब्द ते पुढे सरकवत होते, हातभर, परत मागे जाई, परत हातभर. मी त्यांच्या शेजारी होते. श्वास तसाच कानात येत होता.

"त्याचं... नाही चुकलं, वहिनी," ते म्हणाले. "हिंगाचा वास... मला यायचा. माझ्यासाठी... खरकटं पाणी... बाहेर टाकत होतो. आम्ही चौघं. रोज. त्याचा चिखल व्हायचा. ते... आमच्या चिखलासाठी आलं."